सुनेचा माइक आणि आमचे कान

गोष्ट दोन हजार अठरा सालची. सालाबद्दल मला शंका नाही, कारण त्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या सुनेच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी आमची जुनी कापडगिरणी पाडून तिथं गाड्या ठेवायचा तळ केला. एका वर्षात घरातले दोन आवाज गेले, असं आमचे हे म्हणायचे. गिरणी तशी कितीतरी आधी बंद पडली होती. पण इमारत उभी असेपर्यंत वाटायचं, रुसून गप्प बसलीय, बोलेल पुन्हा.

सून प्राथमिक शाळेत शिकवायची. गळ्यात गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग तिनं शुद्धीवर येऊन पाणी मागितलं तेव्हा कळलं की आवाजाच्या नसेला धक्का लागलाय. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. किती येईल ते मात्र कोणी सांगेना. जे उरलं होतं त्याला आवाज म्हणायचा तर म्हणावा. नुसती हवा आणि हवेच्या मागे कुठंतरी लांब एक बाई बोलतेय. “पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी झालेय मी,” ती म्हणायची आणि हसायची. हसणं मात्र पूर्वीचंच होतं, कारण ते तिच्या डोळ्यांत होतं.

वर्गात दुसऱ्या बाकापलीकडे काही पोचेना. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनानं चांगल्या होत्या, पण शाळा काही त्यांच्या घरची नव्हती. सुट्टी लागली तेव्हा त्यांनी सुनेला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं. मुलं सतत प्रश्न विचारतात, तर दर आठवड्याला एक प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर घरी बसून रेकॉर्ड करायचं. मुलं ते वर्गात ऐकतील, घरी आईबापाच्या फोनवर ऐकतील. पॉडकास्ट म्हणतात तसं. पहिला भाग शाळा उघडेल त्या दिवशी हातात पाहिजे. मुलांनी कान देऊन ऐकला, तर हे काम तिचं आणि तिची जागाही तिचीच. नाही ऐकला, तर त्यांना नवी शिक्षिका घ्यावी लागेल.

दुसरा रस्ता होता तो तिच्या भावाच्या फरशांच्या दुकानात बसून पावत्या फाडायचा. “फरशांना मोठ्यानं समजावून सांगावं लागत नाही, तेवढं बरं,” ती म्हणाली. त्या वेळी मात्र डोळे हसले नाहीत.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. हे गिरणीत फिटर होते, मागांची दुरुस्ती करायचे. मी विणकाम खात्यात दोन मागांवर होते. माझ्या शेजारच्या मागांवर जी होती, ती पुढं आयुष्यभर माझी शेजारीण झाली. तिचं नाव सगळ्यांनी भोंगा ठेवलं होतं, कारण पाळी बदलताना गिरणीचा भोंगा आणि ती एकदमच ओरडायच्या आणि लोक हिचं ऐकून घरी जायचे.

विणकाम खात्यात आवाज असा असायचा की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी फक्त त्याचा श्वास लागायचा. पण बोलल्याशिवाय बायका राहतात होय? आम्ही ओठांनी बोलायचो. आवाज न काढता तोंड चांगलं मोठं करून, शब्द फोडून फोडून. चार माग पलीकडची बाई तिच्या जावेबद्दल काय म्हणतेय ते आम्हाला अक्षर न् अक्षर कळायचं. लग्नं ठरली अशी, भांडणं झाली अशी. हे शिकावं लागत नाही, नवीन मुलगी आली की महिन्याभरात तिच्या नकळत तिला यायला लागतं. आणि एकदा आलं की जात नाही. गिरणी सुटली, पण आम्ही समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आम्हाला वाटायचं, आम्ही ऐकतोय.

तर माइक घ्यायचा ठरलं. सुनेनं फोनवर बोलून पाहिलं होतं, पण त्यात तिच्यापेक्षा रस्त्यावरचा टेम्पो जास्त बोलत होता. मुलगा जमीनमोजणीच्या कामावर बाहेरगावी असायचा, रविवारपुरता घरी यायचा. तो म्हणाला, “यूएसबीवाला घ्या, सरळ लॅपटॉपला जोडता येतो. बाकी भानगड नको. आणि फार महाग घेऊ नका, चांगल्या जोड्याच्या किमतीत बसेल असा बघा.” ही मापपट्टी ह्यांना फार आवडली. कारण जोडे ह्यांना घेता यायचे.

“मी येतो तुझ्याबरोबर,” हे सुनेला म्हणाले. “यंत्राची निवड आहे. त्याला जाणकार माणूस लागतो.”

बाजाराच्या टोकाला एक दुकान होतं, रेडिओ, स्पीकर, वायरी, सगळं भरलेलं. दुकानदाराला आम्ही स्पीकरवाला म्हणायचो. सडपातळ माणूस, गळ्यात कायम हेडफोन, जसा डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तसा. मीही गेले, कारण घरात बसून काय करू?

त्यानं दोन माइक काढले. एक चंदेरी, उभा, खाली स्टँड आणि बुडाशी निळा दिवा. दुसरा काळा, आखूड, बत्त्यासारखा, कुठं चमक नाही की दिवा नाही. सून काळ्याकडे बघत होती. हे चंदेरीकडे.

“हा कंडेन्सर आहे काका,” स्पीकरवाला चंदेरीवर बोट ठेवून म्हणाला. “एकदम हळवा. टाचणी पडली तरी पकडतो. हा दुसरा डायनॅमिक. तो जरा बहिरा, तोंडाशी आल्याशिवाय ऐकत नाही.”

“बहिरा माइक घेऊन करायचं काय?” हे म्हणाले. “घरात एवढ्यांना सांभाळतोय ते कमी आहेत का?” आणि माझ्याकडे बघितलं.

“माझ्याकडे बघू नका,” मी म्हटलं. “काल दारावरची बेल कोणाला ऐकू आली नव्हती?”

“ती बेलच नादुरुस्त आहे.”

सुनेनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तोवर ह्यांनी चंदेरी माइक ओढून “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन!” म्हणून टाकलं. दुकानातल्या सगळ्या स्पीकरांमधून हे गरजले. बाहेर सायकलवरून जाणारा माणूस थांबून आत बघायला लागला. “वा!” हे म्हणाले. “काय पकडतो! बांधा हा.” स्पीकरवाल्यानं विचारलं, “बोलणार कोण, काका?” हे म्हणाले, “घरचंच माणूस.” झालं. माणूस कोण आणि त्याचा आवाज कसा हे कोणी बोललंच नाही. ज्याचा गळा त्यालाच विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत टेबलावर तो मांडला. निळा दिवा लागला तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखं वाटलं. भोंगा लगेच हजर. “बघू, बघू गं काय आणलंय! अय्या, हा तर दवाखान्यातल्या यंत्रासारखा दिसतोय!”

“हळू बोल,” मी म्हटलं. “टाचणी पडली तरी पकडतो तो. तुझ्यानं फुटेल.”

सून माइकसमोर बसली. समोर खुर्चीवर हेडफोन लावून हे. माइकलाच हेडफोनची वायर लागायची, बोलणं त्यातून लगेच ऐकू यायचं. तिनं पहिला प्रश्न वाचायला घेतला. एका मुलीनं विचारलं होतं, समुद्राचं पाणी खारट का असतं? सून बोलत होती आणि ह्यांची मान डुलत होती. “स्वच्छ! एकदम स्वच्छ! नदी डोंगरातून मीठ आणते म्हणते ही. मला तर हे माहीतच नव्हतं.” मग हेडफोन मी लावला. मलाही सगळं कळलं. मग भोंगानं लावला, सुनेच्या तोंडाकडे टक लावून बसली आणि शेवटी डोळे पुसत म्हणाली, “किती गोड सांगते गं पोरगी. नदीची दया आली मला.”

म्हणजे तीन पंचांनी एकमतानं निकाल दिला. सुनेचा चेहरा असा उजळला की ऑपरेशननंतर मी तो पहिल्यांदाच तसा बघितला. रोज सकाळी ती रेकॉर्ड करायची, रोज हे समोर बसायचे, रोज म्हणायचे, “कालच्यापेक्षा आज बरा आहे आवाज.” आणि ती विश्वास ठेवत गेली. का ठेवू नये? घरात ती काही बोलली आणि कोणाला कळलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

रविवारी मुलगा आला. जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघरातच ओट्याला टेकून म्हणाला, “ऐकवा की तुमचा तो भाग.” सुनेनं लॅपटॉप आणून लावला आणि स्वतः लाजून भांडी विसळायला लागली.

आधी घूंऽऽ असा पंखा. मग कुठंतरी कुत्रं. मग मोरीतला नळ, टप, टप. मग शेजारून भोंगाचं “अगं दूध आलं का?” अगदी खणखणीत. आणि ह्या सगळ्याच्या मागे, वारा सुटल्यावर पानं हलावीत तसं काहीतरी.

“सुरू कधी होणार?” मुलानं विचारलं.

सुनेनं नळ बंद केला. “झालंय,” ती म्हणाली.

मुलानं आवाज वाढवला. पंखा वाढला, कुत्रं वाढलं. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी कान दिला, जीव एकवटून कान दिला. समुद्र नाही, नदी नाही, मीठ नाही. लॅपटॉपला ओठ नव्हते ना.

“यंत्रात बिघाड आहे,” हे उठून म्हणाले. “मी रोज स्वतः ऐकलंय. शब्द न् शब्द. चल गं, बस समोर, ह्याला दाखवतो.”

सगळे बाहेरच्या खोलीत गेलो. सून बसली. ह्यांनी हेडफोन चढवला. ती बोलायला लागली आणि हे मुलाला मोठ्यानं सांगायला लागले, एखाद्या दुभाष्यासारखे. “नदी डोंगरातून येते... दगड झिजवते... दगडातलं मीठ पाण्यात उतरतं... बघ! आहे की नाही? हे सगळं हेडफोनात येतंय!”

मुलगा खाली बघत होता. मग मीही बघितलं. हेडफोनची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत होती. टोक हवेत. कशालाच लावलेलं नव्हतं.

“अहो,” मी म्हटलं. “वायर बाहेर आहे.”

“कुठली वायर?”

मी टोक उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते असं धरलं, जणू कोणी मेलेला उंदीर दिलाय. मुलगा हसायला लागला, मग मला हसू आलं, मग हेही हसले, डोक्याला हात लावून. “म्हणजे मी ओठ वाचत होतो!” ते म्हणाले. “गिरणी सुटून जन्म झाला की गं!”

हसत नव्हती ती एकटी सून. तिनं निळा दिवा बंद केला आणि म्हणाली, “म्हणजे आवाज सुधारत नव्हता. तुम्ही सगळे बघत होता मला.” आणि उठून मागच्या गच्चीवर गेली.

हसणं तिथंच गोठलं. हे खुर्चीत बसून राहिले, हेडफोन अजून मानेवर. “मी तिला रोज सांगत होतो की बरा होतोय,” ते म्हणाले. “खोटं नव्हतो बोलत. मला खरंच तसं वाटत होतं.” मुलगा गच्चीकडे निघाला होता, त्याला मी थांबवलं. नवऱ्याची समजूत वेगळी असते. इथं गिरणीवालीचं काम होतं.

ती दोरीवरचे सुकलेले कपडे काढत होती. मला बघून म्हणाली, “आई, उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकते, जमणार नाही म्हणून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? महाग माइक आणला तरी तेच.”

मी म्हटलं, “थांब. मला आधी खरं काय ते बघू दे.” आणि मी तिच्याकडे पाठ केली, तोंड भिंतीकडे. “आता बोल काहीतरी.”

मागून काही आलं नाही. म्हणजे ती बोलत असणार, पण मला फक्त कपड्यांची फडफड. लग्नानंतर तिनं ह्या घरात पाऊल टाकल्यापासून आम्ही दोघी किती बोललो असू, आणि ऑपरेशननंतरचा तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, हे मला त्या भिंतीसमोर कळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मी वळले नाही. ती जवळ आली असावी, कारण पावलं वाजली. मग अगदी कानापाशी, उष्ण श्वासासकट, स्पष्ट ऐकू आलं: “ऐकू येत नाही ना? मग राहू द्या.”

आणि तो आवाज वाईट नव्हता हो. चिरका नव्हता, घोगरा नव्हता. मऊ होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखा. लहान मूल झोपेतून उठल्यावर आईनं कानात बोलावं तसा.

मी वळले. “आत्ता आलं,” मी म्हटलं. “सगळं आलं. तू म्हणालीस राहू द्या.”

“कारण मी कानाशी बोलले.”

“तेच तर म्हणतेय. तुझा आवाज लांब जात नाही, पण जवळ आला की चांगला येतो. आपण त्याला खोलीभर ऐकणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. त्यानं पंखा ऐकला, कुत्रं ऐकलं, भोंगा ऐकली, त्या गर्दीत तुझा नंबर लागलाच नाही. तो दुकानदार काय म्हणाला होता? तोंडाशी आल्याशिवाय ऐकत नाही, असा कोणता तो?”

तिनं हातातल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, “मी त्याच दिवशी त्याबद्दलच विचारणार होते. बाबांनी हॅलो हॅलो केलं.”

दुसऱ्या दिवशी आमची वरात पुन्हा दुकानात. मुलानं त्यासाठी सोमवारची रजा टाकली. ह्यांनी चंदेरी माइकचं खोकं छातीशी धरलं होतं आणि दुकानात शिरताच स्वतःच म्हणाले, “चूक माझी आहे. माल चांगला आहे, निवडणारा बहिरा होता.”

स्पीकरवाल्यानं खोकं उघडून बघितलं, बदलून देतो म्हणाला. मुलानं काळा माइक मागितला. तेव्हा स्पीकरवाला म्हणाला, “पण ताईंचा आवाज बारीक आहे ना? बारीक आवाजाला लोक हळवाच माइक घेतात.”

“शांत खोली असेल तर घेत असतील,” मुलगा म्हणाला. “आमच्या घरात या एकदा.”

“चाचणी घ्यायची,” मी म्हटलं. “पण आमच्या पद्धतीनं. तिच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.”

“मी पण?” स्पीकरवाला.

“तुम्ही तर पहिले.”

मग आम्ही चौघं, फिटर, विणकरीण, जमीन मोजणारा आणि दुकानदार, रिकाम्या खोक्यांच्या रांगेकडे तोंड करून उभे राहिलो. शिक्षा झालेल्या मुलांसारखे. एक गिऱ्हाईक दारातून आत आलं, आम्हाला बघून तसंच मागे गेलं.

सुनेनं काळा माइक हातात घेतला. खोक्यांकडे तोंड ठेवूनच मुलगा सांगत होता, “जवळ घे. अजून जवळ. ओठ आणि माइक ह्यांच्यामध्ये मूठ मावेल एवढंच अंतर.” आणि मग दुकानातल्या स्पीकरमधून ती बोलली.

“समुद्राचं पाणी खारट का असतं, असं मला एका मुलीनं विचारलंय. तिला वाटतं, कोणीतरी चुकून दोनदा मीठ घातलं.”

ह्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि त्यांनी तो धरला. दुकानात, चारचौघांत. आमच्या लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता. “अगं,” ते हळूच म्हणाले, “असा आहे होय तिचा आवाज?”

स्पीकरवाला म्हणाला, “ताई, पुढं बोला ना. मग काय झालं मिठाचं?”

“आता वळू का?” मुलानं विचारलं.

“थांब रे,” हे म्हणाले. “ऐकू दे.”

काळा माइक चंदेरीपेक्षा स्वस्त होता. उरलेल्या पैशांत ह्यांना जोडे घेऊ म्हटलं तर म्हणाले, “नको, मला आता कानांचं बघायला हवं.”

एक अडचण मात्र नवीन निघाली. एवढ्या जवळून बोललं की प, फ, भ आले की हवेचा भपका बसायचा. ‘पाणी’ म्हटलं की माइकात तोफ उडायची, आणि समुद्राच्या गोष्टीत पाणी टाळून कसं चालेल? मुलगा म्हणाला, मध्ये एक जाळी लावतात, दुकानात मिळते. हे म्हणाले, “जाळीला कापड लागतं आणि कापडासाठी दुकानात जाऊ मी?” त्यांनी माझी भरतकामाची गोल चौकट घेतली. मी पेटीतून तुकडे काढले. पॉपलीन घट्ट पडलं, त्यात आवाजच अडकला. मच्छरदाणीचं कापड फार विरळ, भपका सरळ आरपार. शेवटी जुन्या ओढणीची व्हॉईल दुहेरी ताणून बसवली, ती बरोबर निघाली. भोंगा चौकटीसमोर तोंड नेऊन ‘भाऊबंद, भोपळा, भोंगा’ असं म्हणत राहिली. मागच्या बाजूला ठेवलेला कागद हलला नाही, तेव्हा कुठं आम्ही पास केलं.

मग रेकॉर्डिंगचा दिवस. आतल्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यावर रजया टाकल्या, म्हणजे आवाज भिंतींवर आपटत नाही. पंखा बंद. फ्रिज बंद. हे दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला. भोंगाला सांगितलं, अर्धा तास काही बोलू नकोस. तिनं पदर तोंडात धरला आणि आमच्याच ओट्याशी बसून राहिली, घाम फुटेपर्यंत. मध्येच तिला काहीतरी फार सांगायचं होतं. मग ती आणि मी, कितीतरी वर्षांनी, पुन्हा तशाच बोललो, आवाज न काढता. ती म्हणत होती, “ह्या पोरीनं गिरणीत काम केलं असतं तर आपल्यापेक्षा पुढं गेली असती.” मी ओठांनी म्हटलं, “गप्प बस.” ती ओठांनी म्हणाली, “गप्पच आहे.”

फ्रिज पुन्हा सुरू करायला सगळे विसरले. संध्याकाळी दूध नासलं. कोणी कोणाला बोललं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सून रेकॉर्डिंग देऊन आली आणि मग फोनकडे बघत बसली. संध्याकाळी मोठ्या बाई स्वतःच दारात. साडीवर खडूची भुकटी, हातात पर्स, चेहऱ्यावरून काही समजेना. हे त्यांना बसायला सांगायचंच विसरले.

“मी सांगू का काय झालं?” मोठ्या बाई म्हणाल्या. “वर्गात लावलं. तुझा आवाज लहान, स्पीकर लहान, मुलांचा गोंधळ मोठा. मला वाटलं, संपलं. मी बंद करायला उठणार, तर मागच्या बाकावरची ती जोडी, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे,” सून म्हणाली.

“ती दोघं उठली आणि पुढं येऊन जमिनीवर बसली, स्पीकरला कान लावून. आणि बाकीच्यांना दम दिला, ए गप्प बसा, बाई कानात सांगतायत. वर्षभर त्यांना पुढं बसवायचा प्रयत्न करतेय मी. झालंच नाही माझ्याच्यानं.” त्या थांबल्या, पर्स उघडून एक घडी घातलेला कागद काढला. “हे पुढचे प्रश्न. सगळे आज दुपारचेच. पुढच्या आठवड्याचा कोणता घ्यायचा तो तू ठरव. आणि मला कोणी पाणी देणार आहे का ह्या घरात?”

सून पाणी आणायला आत गेली. ग्लास भरायला तिला फार वेळ लागला. आम्ही कोणी आत गेलो नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सगळ्याच शाळा बंद पडल्या, मुलं घरात अडकली. तेव्हा ज्या शिक्षिकांना वर्गाची सवय होती त्या चाचपडत होत्या आणि आमच्या सुनेचे मात्र कितीतरी भाग तयार होते. ते दुसऱ्या शाळांनी मागून नेले. मोठ्या बाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या. आता त्या बागकाम करतात आणि झाडांना मुलांसारखंच रागावतात, असं ऐकते. मागच्या बाकावरच्या जोडीतला एक स्वयंपाकाचं शिक्षण घेतोय, दुसऱ्याचं कळलं नाही.

स्पीकरवाल्यानं दुकान वाढवलं, मग आटोपतं घेतलं, आता तो फक्त दुरुस्ती करतो. अजूनही कोणी माइक घ्यायला आलं की विचारतो, बोलणार कोण आणि कुठं बसून? भोंगा मुलीकडे राहायला गेली. तिथल्या लोकांना पहिल्या आठवड्यात वाटलं भांडण चाललंय. तिच्याशी माझं व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं, बहुतेकदा आवाज बंद ठेवूनच. मुलाची बदली घराजवळ झाली. त्यांना मुलगी झाली, ती आता प्रश्न विचारायच्या वयात आहे.

ह्यांनी कानाचं यंत्र घेतलं. पहिल्याच दिवशी ऐकलं की मोरीतला नळ गळतो, जिना चढताना त्यांचा गुडघा वाजतो आणि मी झोपेत घोरते. नळ त्यांनी दुरुस्त केला. मागल्या वर्षी ते गेले, झोपेतच, फार त्रास न होता. शेवटपर्यंत दर आठवड्याचा भाग डोळे मिटून ऐकायचे आणि संपला की सुनेला एखादी शंका विचारायचेच.

सुनेचा आवाज पूर्ण परत आला नाही. थोडा भरला, डॉक्टर म्हणाले आता एवढाच. ती शाळेतच आहे. आठवड्यातले तीन दिवस वर्गात गळ्यात छोटा माइक अडकवून शिकवते आणि दोन दिवस घरी रेकॉर्ड करते. काळा बत्ता कधीच बिघडला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही काळाच. ह्या आठवड्याचा प्रश्न आमच्या नातीनंच विचारलाय. कोळी स्वतःच्या जाळ्यात का अडकत नाही? सून उत्तर शोधतेय. मी तिला सांगितलंय की विणकामाबद्दल काही लागलं तर मला विचार.